ॲव्हरेज किती पडलं?

पुण्यात सायकल चालवणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "केवढ्याला पडली?" आणि दुसरा, "ॲव्हरेज किती पडलं?"

पहिल्या प्रश्नाचं मला काही वाटत नाही. फ्लॅटपासून फोडणीच्या कढईपर्यंत कुठल्याही वस्तूची किंमत विचारणं हा आपल्याकडे आपुलकीचा भाग आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र डोक्यात तिडीक जाते. दर रविवारी दुपारी हापिसातल्या सायकल ग्रुपवर आकड्यांचा पाऊस पडतो. ५२ किमी, ॲव्हरेज २६.४. ८० किमी, ॲव्हरेज २४. खाली अंगठे, फुगवलेले दंड वगैरे वगैरे. कुठे गेला होतात, काय बघितलंत, काय खाल्लंत याबद्दल एक अक्षर नाही. मग सोमवारी कॅन्टीनमध्ये कुणीतरी मला विचारतो, "तूपण गेला होतास ना रे? ॲव्हरेज?" मी सांगतो, "सकाळी सहाला निघालो, संध्याकाळी पाचला घरी. शंभरेक किमी झाले असतील." समोरचा मनातल्या मनात भागाकार करतो आणि माझ्याकडे असा बघतो की जणू माझं अप्रेझल वाईट झालंय.

तर आजचा लेख त्या नजरेला उत्तर म्हणून. माझं म्हणणं थोडक्यात असं: रविवारच्या सायकलीची शर्यत झाली की नुसती मजा जात नाही, रस्तेसुद्धा जातात. वाक्याचा दुसरा अर्धा भाग जरा चमत्कारिक वाटेल, पण तिकडे येतोच. आधी गणित, कारण आपण सगळे इंजिनिअर लोक आणि गणिताशिवाय आपल्याला काही पटत नाही.

एक साधा घाट घ्या. १० किमी चढ, १० किमी उतार. चढ तुम्ही ताशी १० च्या वेगाने चढलात, म्हणजे एक तास गेला. आता पूर्ण २० किमीचं ॲव्हरेज २० पाडायचं असेल तर उतार किती वेगाने उतरायला हवा? पब्लिक पटकन ३० म्हणतं. ३० ने उतरलात तर ॲव्हरेज पडतं १५. २० पाडायचं तर उतार शून्य सेकंदात उतरावा लागेल, कारण २० किमीसाठी मिळणारा अख्खा तास तुम्ही वर पोचेपर्यंतच संपवलाय. थोडक्यात, एकदा चढ लागला की ॲव्हरेजचं जे नुकसान होतं ते पुढे कितीही बोंबललात तरी भरून निघत नाही.

हे कोडं म्हणून ठीक आहे, पण त्याचा व्यवहारातला परिणाम बघा. ज्याला ॲव्हरेज सांभाळायचंय तो चढ टाळतो. खडी टाळतो. गावातून जाणारा रस्ता टाळतो, कारण तिथे म्हैस आडवी येते, शाळेची पोरं हात करतात, वळणं असतात. मग उरतं काय? हायवे. म्हणून आपली मंडळी पहाटे साडेपाचला बायपासच्या आणि जुन्या मुंबई हायवेच्या कडेने ट्रकचा धूर खात ओळीने जाताना दिसतात. सह्याद्री अर्ध्या तासावर असलेल्या शहरात राहून माणसं सायकल चालवायला हायवेवर जातात! का? तर आकडा चांगला पडतो.

आता वाऱ्याचं गणित. सपाट रस्त्यावर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी १५ ऐवजी २५ ने जायचं तर नुसत्या हवेशी झगडायला साडेचार पटींहून जास्त शक्ती लागते. एवढा घाम गाळून शंभर किमीत वाचतात २ तास ४० मिनिटं. त्या वेळेचं आपण काय करतो? घरी येऊन झोपतो. बरं, हवा टाळायची तर दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायची. म्हणजे रविवारची अख्खी सकाळ तुम्ही टेस्टिंग टीममधल्या सहकाऱ्याच्या पार्श्वभागाकडे बघत घालवणार. सोमवार ते शुक्रवार तो दिसतोच की.

आणि हे ॲव्हरेज जे मोजतात ते तरी खरं असतं का? कुठलंही सायकलीचं ॲप उघडा. त्यात दोन वेळा असतात: एकूण लागलेला वेळ आणि फक्त चाकं फिरत होती तो वेळ. ॲव्हरेज काढतात ते दुसऱ्यावरून. तुम्ही थांबलात की ॲप आपोआप घड्याळ थांबवतं. चहा प्यायलात, पाण्यात पाय सोडून बसलात, पंक्चर काढताना चार पोरं भोवती जमली आणि त्यांच्याशी गप्पा झाल्या, झाडाखाली आडवे झालात: हे सगळं ॲपच्या लेखी घडलंच नाही. माझ्या अकरा तासांच्या सहलीत सात तास सायकल आणि चार तास थांबणं असतं. त्यातले सात ॲपला दिसतात, चार दिसत नाहीत. ज्या चार तासांसाठी मी घरातून निघतो नेमके तेच चार तास वजा करून उरलेल्याचं मूल्यमापन करणारं यंत्र माझी सहल कशी मोजणार?

आपल्या धंद्यात हा रोग जुना आहे. प्रोग्रामरचं काम ओळींवरून मोजायला लागलं की ओळी वाढतात, प्रोग्राम सुधारत नाही. टिकिटं किती बंद केली त्यावरून मोजलं की पब्लिक सोपी टिकिटं आधी उचलतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने एक नियमच आहे, त्याचं मूळ १९७५ सालचं: माप हेच लक्ष्य बनलं की ते माप म्हणून निकामी होतं. पाच दिवस ज्या गोष्टीला आपण शिव्या घालतो तीच वीकांताला पैसे देऊन, वर्गणी भरून, मनगटाला बांधून घेतो. याला काय म्हणावं?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. मला तो किताब फार आवडतो. वर्षातून एकदा शर्यत, एकदा घाट, एक राजा. बाकीचे ३६४ दिवस घाट सगळ्यांचा. २००९ साली स्ट्राव्हा आलं आणि त्यांनी रस्त्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला राजा नेमायची सोय केली. आता चांदणी चौकाच्या चढालाही राजा आहे, आमच्या सोसायटीमागच्या टेकाडालाही असेल. राजे उदंड झालेत. शर्यत करायला माझी ना नाही. शर्यतीच्या दिवशी करा, रस्ता बंद करून करा, नंबर लावून करा. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय दर्जाची, पाच दिवसांची, ४३७ किमीची. मुळशी-मावळातूनही गेली. त्या निमित्ताने रस्ते गुळगुळीत झाले, गावागावातली माणसं कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. झकास. पण शर्यत संपली, खेळाडू गेले. आता त्या रस्त्यावर परत सायकल शाळेत जाणाऱ्या मुलीची आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या माणसाची. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेत जायला सायकली देतात. त्या मुलीला कुणी ॲव्हरेज विचारत नाही. ती सायकल चालवते म्हणून तिची शाळा सुटत नाही, हेच तिचं ॲव्हरेज.

आता माझी शंभर किमीची चक्कर सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल भांडतोय ते कळेल.

कोथरूडहून निघायचं, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड. इथपर्यंतचा रस्ता रुंद आणि गाड्यांचा, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, म्हणूनच तो उजाडायच्या आत उरकायचा. पौडला मिसळ. मिसळ खाल्ल्यावर लगेच २५ ने जाता येत नाही हा मिसळीचा दोष नसून २५ चा दोष आहे. पौडहून उजवीकडे कोळवणचा रस्ता घ्यायचा आणि इथे खरी सहल सुरू होते. एकदम गाड्या कमी होतात. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे सपाट खोरं, खोऱ्यात भातखाचरं. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर कापणी चालू असते. ही बहुतेक इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेली ही जात आंबेमोहराच्या वंशातली आहे, म्हणून शिजताना तसा घमघमाट सुटतो. आपण डेक्कनच्या दुकानातून पाच किलोची पिशवी आणतो ती ही. सायकल सावकाश असेल तर खाचरातली माणसं बोलतात. "कुठून आलात?" "पुण्याहून." "सायकलीवर? का, गाडी न्हाई?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. :)

कोळवणच्या पुढे हाडशी. तिथल्या मोठ्या विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या गाड्या सोडल्या तर पुढचा रस्ता आणखी शांत होतो. जवणच्या बाजूला उतरलात की मुळशी तालुका संपून पवन मावळ सुरू झालेला असतो आणि समोर तिकोना उभा. मग तिकोना पेठ, काले कॉलनी, पवनानगर. धरणाच्या बाजूने बघितलं की तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर असे चार किल्ले पाण्याभोवती उभे दिसतात. लोहगड २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला. तो इथून फुकट दिसतो. परत येताना कडधे, थुगाव, शिवणे, बेबडओहोळ असं करत पवना नदीच्या संगतीने सोमाटणे फाट्यावर निघायचं आणि जुन्या हायवेने घरी. वाटेत पॉलिहाऊसचे पांढरे तंबू दिसतात, त्यात गुलाब. फेब्रुवारीच्या १४ तारखेला जगभर कुणीतरी कुणालातरी जे देतं त्यातले काही इथून जातात.

या रस्त्यावर नुसतं सुंदर तेवढंच दिसतं असंही नाही. पवनानगरहून वाट वाकडी करून कामशेतच्या दिशेने गेलात तर येळसे लागतं. तिथे एक स्मारक आहे. धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले, त्यांचं. आपल्यातले निम्मे लोक पिंपळे सौदागर नाहीतर वाकडला राहतात. सकाळी नळाला जे पाणी येतं ते या धरणाचं. ताशी २८ ने जाणाऱ्याला ते स्मारक दिसत नाही असं मी म्हणत नाही. दिसतं, पण थांबलं तर लय तुटते ना!

तर आता 'रस्ते जातात' म्हणालो होतो ते.

या चक्रीत डांबरी रस्ता सोडून जागोजागी छोट्या वाटा आत गेलेल्या दिसतात. गावाकडचं बालपण ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना पाणंद हा शब्द माहीत असेल. दोन शेतांच्या मधून जाणारी अरुंद वाट, दोन्हीकडे बांध, बांधावर निरगुडी, करवंदं, कुठे निवडुंग. बैलगाडी जाईल एवढी असली की गाडीवाट. दोन गावांच्या हद्दीवरून गेली की शिवरस्ता. सायकलीसाठी यापेक्षा चांगली वाट देवाने किंवा पीडब्ल्यूडीने बनवलेली नाही. सावली असते, गाडी येत नाही, आणि हळू जाण्याशिवाय इलाज नसतो. मी माझ्या शंभर किमीतले निदान दहा-बारा अशा वाटांवर घालवतो.

या वाटा कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाहीत. गाव नकाशा काढून बघा, ऑनलाइनही मिळतो. तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेष म्हणजे पायवाट. ज्याच्या शेतापर्यंत वाट नाही त्याला बांधावरून वाट मिळावी यासाठी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तो मोकळा करून देण्यासाठी त्याहून जुना, १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, त्याचं कलम ५. दोन्हींचा अर्ज तहसीलदाराकडे. मे २०२५ मध्ये तर शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचं ठरवलं. एवढे कायदे का लागले असतील? कारण वाटा अडवल्या जातात म्हणून.

पूर्वी हे भांडण भावाभावांत, बांधाबांधावर असायचं. आता त्यात एक नवा पक्षकार आलाय. तो म्हणजे आपण. "पुण्यापासून ४५ मिनिटांवर, सह्याद्रीच्या कुशीत, गेटेड फार्महाऊस प्लॉट." ही जाहिरात कुणासाठी आहे? कोळवणच्या शेतकऱ्यासाठी नाही. ती तुमच्या-माझ्या बोनससाठी आहे. अकरा गुंठे घ्यायचे, भोवती तारेचं कुंपण, एक लोखंडी फाटक, त्यावर पाटी: खासगी मालमत्ता, परवानगीशिवाय प्रवेश निषिद्ध. आत एक स्विमिंग पूल आणि वर्षातले पाच वीकांत.

मागच्या हिवाळ्यात मावळातल्या एका गावाबाहेर अशाच एका फाटकापाशी मी पोचलो. नकाशात गाडीवाट सरळ पलीकडच्या वाडीवर जात होती, जमिनीवर ती फाटकात शिरून नाहीशी झाली होती. रखवालदार भला माणूस होता. म्हणाला, "दादा, मालकांनी सांगितलंय, कुणाला सोडायचं नाही. तुम्ही सायकलवाले आहात, तुम्हाला सोडलं असतं, पण कॅमेरा आहे." एवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक आजी आल्या. फाटकाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कुंपणाच्या कडेने खाली ओढ्यात उतरल्या, दगडांवरून पलीकडे गेल्या आणि वर चढून परत वाटेला लागल्या. मी सायकल खांद्यावर घेऊन त्यांच्या मागून गेलो. पलीकडे पोचल्यावर विचारलं, "आजी, रोज असंच?" तर म्हणाल्या, "पावसाळ्यात लई वंगाळ हुतं. मग वरल्या रस्त्यानं यायचं, लांब पडतं." बस. तक्रार एवढीच. मी पंधरा मिनिटांत पुढे निघालो. त्यांना दुसऱ्या दिवशीही तेच करायचं होतं.

आता सांगा, ॲव्हरेजवाल्या सायकलस्वाराला हे कधी कळेल? तो त्या वाटेला जाणारच नाही. त्याच्या आकड्यांच्या नकाशावर ती वाटच नाही. जी वाट कुणी वापरत नाही, जिच्याबद्दल कुणी विचारत नाही, ती बंद करायला सगळ्यांत सोपी. आजी वापरतात, पण आजींचं कोण ऐकतं? आपलं ऐकतात. आपण बोलतो, लिहितो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, आयुक्तांना टॅग करतो. सायकल ट्रॅकवर पार्किंग झालं की फोटो काढून बोंब मारतो. मग पाणंद बंद झाली तर का नाही? कारण आपल्याला ती माहीतच नाही. आपण गावाजवळून जातो, गावातून जात नाही.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. एकेक घेऊ.

"आम्ही फिटनेससाठी चालवतो." चालवा की! सात तास सावकाश सायकल चालवणं, त्यात दोन-तीन खणखणीत चढ, हा काय आराम आहे? तब्येत राखायला गावाकडे डोळेझाक करावी लागते असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?

"मग बीआरएम करणारे मूर्ख आहेत का?" अजिबात नाही. उलट तो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ६०० ला ४०. भागाकार करा. साधारण १५ चं ॲव्हरेज, आणि तेही थांबण्यासकट, कारण त्यांचं घड्याळ चहाला थांबत नाही. शिवाय पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर नाहीत. वेळेत आलात, झालं. ज्यांनी २०० किमी केलेत ते सहसा ॲव्हरेज विचारत नाहीत. पाठीचं विचारतात.

"रमतगमत जायला आमच्याकडे वेळ नाही, घरी पोरं आहेत." हा आक्षेप मात्र खरा आहे. दर रविवारी अकरा तास कुणाकडेच नसतात. पण महिन्यातून एक रविवार? आणि बाकीच्या रविवारी तीन तास मिळाले तर त्यातही हायवेला जायलाच हवं असं नाही. घराजवळच्या टेकडीमागे काय आहे हे आपल्यापैकी किती जणांनी बघितलंय? पोरं जरा मोठी असतील तर त्यांनाच घेऊन जा. आठ वर्षांच्या मुलाबरोबर तुमचं ॲव्हरेज ९ पडेल आणि तुम्हाला प्रत्येक बेडकापाशी थांबावं लागेल. उत्तम.

"तुझी सायकल जड असेल म्हणून तू असं बोलतोस." आहेच जड. त्याबद्दल खाली ता.क. मध्ये.

"शेतात घुसायला शेतकऱ्यांना आवडेल का?" हा सगळ्यांत महत्त्वाचा. शेतात घुसायचं नाहीच. पाणंद म्हणजे शेत नव्हे. खाचरात पाणी असताना बांधावरून सायकल घालायची नाही, बांध ढासळतो आणि तो कुणीतरी हाताने बांधलेला असतो. पावसाळ्यात चिखलाच्या वाटा आपल्यासाठी नाहीत. समोरून बैल आले तर उतरून बाजूला व्हायचं. वाट विचारताना आधी नमस्कार, मग प्रश्न. आणि प्लास्टिकचं रॅपर टाकणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही, त्याचं ॲव्हरेज ४० असलं तरी.

माझी मागणी फार नाही. महिन्यातून एका रविवारी ते ॲप बंद ठेवा. पौड ओलांडा, कोळवणकडे वळा, दिसेल त्या पाणंदीत शिरून बघा कुठे निघते. रस्ता चुकलात तर विचारा. फाटक दिसलं तर कुठे आहे ते लिहून ठेवा आणि घरी येऊन गाव नकाशाशी ताडून बघा. वाट सरकारी नकाशात असेल तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आणि वाटेसाठी कुणी अर्ज केलेलाच असेल तर त्या माणसाला कागदपत्रांत मदत करा. आपल्याला इंग्रजी-मराठी फॉर्म भरता येतात, स्कॅन करता येतं, पाठपुरावा तर आपल्या धंद्याचा प्राण आहे. पाच दिवस परदेशी गिऱ्हाइकासाठी करतो तो एक दिवस मावळासाठी करायचा.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी तिकडे प्लॉट घेतलाय किंवा घ्यायच्या विचारात आहेत त्यांना वेगळं सांगणं आहे. माझे तीन मित्र त्यात आहेत आणि त्यांना हे आवडणार नाही. सह्या करण्याआधी बिल्डरचा रंगीत आराखडा बाजूला ठेवा आणि गाव नकाशा मागवा. तुमच्या अकरा गुंठ्यांमधून तुटक दुहेरी रेष जात असेल तर ती जागा तुम्ही विकत घेतलेली नाही, कुणीही सांगितलं तरी. कुंपण त्या रेषेच्या अलीकडे घाला. फाटक बसवून झालं असेल तर काढा. कॅमेरा ठेवा हवा तर, आजी जाताना दिसतील.

असो. बरेच झोडपून झालं. ज्यांना आकडे हवेच आहेत त्यांनी घ्यावेत: गेल्या खेपेला १०४ किमी, अकरा तास, चहा पाच, मिसळ एक, पाणंदी चार, त्यातली बंद एक.

ता.क. सायकलीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून. महागडी नको. पाणंदीसाठी टायर मात्र रुंद हवा, निदान ३८-४० मिमी, आणि हवा दगडासारखी टणक नको, ४०-५० पीएसआय पुरे होते. बारीक आणि टणक टायरच वेगवान असतो हा समज आता शर्यतवाल्यांनीही सोडलाय, तेसुद्धा २८ मिमी आणि त्यापुढे गेलेत, कारण खडबडीत रस्त्यावर रुंद टायर कमी शक्ती खातो. बरोबर दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, दोन लिटर पाणी आणि सुटे पैसे. कोळवणच्या पुढे काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे यूपीआयच्या भरवशावर राहू नका. चहावाला उधार देतो, पण मग परत जावं लागतं. तेही वाईट नाही म्हणा.